उत्साह जूनचा, गरज मार्चपर्यंतची

महोदय,

शाळा सुरू झाल्या की सोलापूरच्या पूर्व भागातल्या वस्त्यांत मोफत शिकवायला अनेकजण उत्साहाने येतात, आणि दिवाळीनंतर दिसेनासे होतात. मुलाचं नुकसान इथेच होतं. नव्या ताईपुढे ते पुन्हा गप्प होतं. म्हणून आठवड्यातून दोनच दिवस या, पण परीक्षेपर्यंत या.

पहिल्या दिवशी पुस्तक उघडू नये. प्रत्येक मुलाकडून अक्षरं, सुटे शब्द, चार ओळींचा उतारा वाचून घ्यावा आणि गट त्यावरून पाडावेत, इयत्तेवरून नाही. पाचवीतलं मूल जोडाक्षरापाशी अडत असेल तर पाचवीचा धडा त्याला निव्वळ शिक्षा. एका माणसामागे पाच-सहा मुलं पुरेत. वीस जमवली की शिकवणी उरत नाही, नुसती राखण होते.

अनेक घरांत तेलुगू बोलतात. तेलुगूत वस्तूंना मराठीसारखं स्त्रीलिंग-पुल्लिंग नसतं, त्यामुळे 'तो चादर' ही चूक आळसाची नव्हे. नियम पाठ करून घेण्यापेक्षा घरातल्याच वस्तू बोलत्या कराव्यात: ती चादर, तो टॉवेल, ते सूत. तेलुगूला हसू नये, एवढं तरी पाळावंच.

वेळ आईला विचारून ठरवावी. विड्या वळणाऱ्या घरात मूलही हाताशी लागतं. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत हजेरी घसरते, त्यावरून रागावू नये.

यातला आनंद सत्काराच्या शालीत नाही. दोन महिन्यांनी एखादी पोरगी दुकानाची पाटी अडखळत का होईना, स्वतः वाचते, तेव्हा तो भेटतो.

– एक वाचक, सोलापूर