सहावी बैठक नको म्हणणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काकांना,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही बदलापूरला मुलाकडे राहायला गेलात त्याला आता महिना होईल. त्या दिवशी टेम्पोत सामान चढत होतं, सगळी चाळ खाली उतरली होती आणि मला तुमच्याशी नीट बोलताच आलं नाही. पाया पडले आणि बाजूला झाले. तेव्हा राहिलेलं आज लिहितेय. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण लालबागमध्ये तुमच्या हाताखाली तयार झालेली मी एकटी नाही. आणि माझ्या वयाच्या ज्या पोरापोरींना असे काका मिळाले नाहीत, त्यांनाही तुम्ही काय शिकवलंत ते कळायला हवं.

दोन वर्षांपूर्वीचा जून. मी तेवीस वर्षांची, नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेलं. ऑफिसतर्फे रक्ततपासणी झाली, तीत एचबीएवनसी म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ५.९ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. माझा विश्वासच बसेना. वजन ५४ किलो, बघणारा मला बारीकच म्हणेल. डॉक्टरांनी टेप घेऊन कंबर मोजली, ८४ सेंटीमीटर भरली. आपल्याकडच्या बायकांना ८० च्या वर धोका धरतात. आपल्या लोकांची चरबी हातापायांवर दिसण्याआधी पोटात साठते, त्यामुळे वजनकाट्याला काही कळत नाही. बाबांना चाळिशीत साखर निघाली होती. मला त्या रात्री झोप लागली नाही.

त्याआधी मी एका जिममध्ये वर्षाचे पैसे भरून बसले होते. पहिल्याच आठवड्यापासून रोज दीड-दीड तास. चौथ्या आठवड्यात गुडघा सुजला आणि जाणं सुटलं ते सुटलंच. आपल्याला हे जमत नाही, असं मनात पक्कं बसलं होतं. तसंच मन घेऊन एका पहाटे मी तळमजल्यावरच्या व्यायामशाळेच्या दारात उभी राहिले.

ती सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. मारुतीच्या तसबिरीपुढे उदबत्ती, भिंतीला टेकवलेले जड लाकडी मुदगल, तुमच्या खांद्यावर पंचा. तुम्ही वजन विचारलं नाहीत, रिपोर्ट मागितला नाहीत. "खाली बस," म्हणालात. मी मांडी घालून बसले. "आता हात न टेकता उठ." मला उठता येईना. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तळवा लादीवर टेकलाच. तुम्ही हसला नाहीत की चुकचुकला नाहीत. फक्त म्हणालात, "पाच बैठका मार. सावकाश. टाच उचलू नकोस." मी पाच मारल्या आणि जोरात येऊन सहावीला खाली जाऊ लागले, तर तुम्ही खांद्यावर हात ठेवलात. "सहावी नको. उद्या यायचंय."

त्या दिवशी मला जरा रागच आला होता. पाच बैठकांनी काय होणार? पण पुढचे पंधरा दिवस तुम्ही असंच केलंत. अजून दोन जमतील असं वाटायला लागलं की थांबवायचात. "अंगात जीव ठेवून घरी जायचं. जीव काढला की दुसऱ्या दिवशी पाय येत नाहीत." काका, माझं सगळं बदललं ते या एका वाक्याने. जिममध्ये मी रोज स्वतःला संपवून घरी येत होते. तुमच्याकडून निघताना मला उद्याची ओढ असायची.

आणि तो खाडा! "आई कालनिर्णयवर दुधाचा खाडा लिहिते ना, तसाच तुझा लिही. आलीस ते लिहू नकोस. चुकलीस तेवढंच लिही." पहिल्या वर्षी माझे ६१ खाडे झाले, दुसऱ्या वर्षी २३. पहिल्याच वर्षी गणपतीत ओळीने आठ दिवस गेले. बाहेर दर्शनाची रांग, घरात पाहुणे, पाय ठेवायला जागा नाही. आता सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागणार, या धास्तीने विसर्जनानंतर मी तोंड लपवत आले. तुम्ही कॅलेंडरचा विषयसुद्धा काढला नाहीत. "आठ झाले? बरं. नववा नको," एवढंच. त्या दिवशीही पाचच बैठका दिल्यात. सुटलेला व्यायाम पुन्हा धरता येतो, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

हळूहळू जोर आले, सूर्यनमस्कार आले, सहा महिन्यांनी लहान मुदगल हातात दिलात. आपल्या व्यायामशाळेत मोठी यंत्रं नव्हती, पण पुढे वाचलं तेव्हा कळलं की तुम्ही काहीच कमी ठेवलं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते. आपलं नेमकं तेच चाललं होतं. "ही हाडं भरायची वयं आहेत," असं तुम्ही म्हणायचात ना? तेही खरं निघालं. साधारण तिशीपर्यंत हाडं भक्कम होत जातात, पुढे आहे ते जपायचं असतं. पन्नाशीत गुडघे धरून बसण्यापेक्षा पंचविशीत रोज अर्धा तास, हा हिशेब मला आता पुरता पटलाय.

तुम्ही माझा वडापाव बंद केला नाहीत, याबद्दल वेगळे आभार. भातही बंद केला नाहीत. काकूंनी फक्त ताटातला क्रम बदलला: आधी कोशिंबीर आणि मटकीची उसळ, मग भात. आणि जेवल्यावर शतपावली, तीही आपल्याच गॅलरीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा मिनिटं. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून जेवणानंतरची साखर फार चढत नाही, हे डॉक्टरांनी मला नंतर समजावलं. तुमच्याकडे ते आजीच्या वेळेपासून चालत आलेलं होतं. जुलैत हिंदमाताला पाणी तुंबून सगळं ठप्प झालं, त्या रात्रीही आम्ही चौघी गॅलरीत फेऱ्या मारत होतो.

झोपेचं तर मी कधीच विसरणार नाही. एकदा सुजलेले डोळे घेऊन आले. रात्री एकपर्यंत मोबाइल बघत बसले होते. तुम्ही म्हणालात, "गिरणीतल्या तिसऱ्या पाळीने माझी झोप खाल्ली. तुझी कोण खातंय?" १९८२ च्या संपानंतर तुमची गिरणी सुटली, पण कापसाची धूळ छातीत राहिली ती राहिलीच. तुम्हाला पहाटे खोकला यायचा आणि तो थांबेपर्यंत तुम्ही दाराबाहेर उभे राहायचात, आमच्यासमोर नाही. ज्या माणसाचं शरीर कामाने झिजवलं, त्याने आमची शरीरं इतक्या मायेने घडवली. हे आठवलं की मी साडेदहाला मोबाइल आईच्या खोलीत ठेवून येते.

आणखी एक सांगायचं आहे. मुलींसाठी साडेपाच ते साडेसहाची वेळ राखून ठेवावी, म्हणून तुम्ही मंडळाच्या मीटिंगमध्ये कितीतरी वर्षांपूर्वी भांडला होतात, हे मला काकूंकडून कळलं. तुम्ही कधी बोलला नाहीत. ती वेळ नसती तर आईने मला एकटीला त्या दारात उभं राहू दिलं नसतं.

गेल्या आठवड्यात पुन्हा रक्त तपासलं. ५.५ आलं. कंबर ७७. रिपोर्टचा फोटो तुमच्या मुलाच्या व्हॉट्सअॅपवर पाठवलाय, चष्मा लावून नीट बघा. करी रोड स्टेशनचा जिना आता एका दमात चढते. आणि जमिनीवरून हात न टेकता उठते, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन, तुम्ही सांगितलंत तसं.

रविवारी दादरहून बदलापूर लोकल पकडून येतेय. काकूंना सांगा, जेवायला थांबेन. येताना तुमचा छोटा मुदगल घेऊन येते, घाईत तो इथेच राहिलाय. तिकडे सकाळचं फिरणं सुरू केलंत की नाही, ते मला खरं खरं सांगा. कॅलेंडर बघणार आहे.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची पोर