पहाटे पावणेसहाची गाडी परत सोडा

प्रति,
मा. वाहतूक व्यवस्थापक,
शहर बस वाहतूक कंपनी

विषय : पुनर्वसन वसाहतीतून सुटणारी पहाटे पावणेसहाची खेप बंद केल्याबाबत

महोदय,

गेल्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी आम्ही पंधरा-सोळा जणी नेहमीसारख्या थांब्यावर उभ्या होतो. पावणेसहा झाले, सहा वाजून गेले, गाडी नाही. साडेसहाला नियंत्रक आले आणि म्हणाले, "ती खेप रद्द झाली. आता पहिली गाडी सहा चाळीसची." थांब्यावर साधी चिठ्ठीसुद्धा लावली नव्हती.

मी रुग्णालयात ठेकेदाराकडे साफसफाईच्या कामाला आहे. हजेरी सातची. सहा चाळीसच्या गाडीने पोचायला साडेसात होतात. पहिल्याच आठवड्यात तीन लेटमार्क लागले, आणि ठेकेदाराच्या हिशेबात तीन लेटमार्क म्हणजे एक खाडा. आता मी हमरस्त्यापर्यंत शेअर रिक्षाने वीस रुपये देऊन जाते आणि तिथून पुन्हा तुमचीच गाडी धरते. महिन्याचे 26 दिवस धरा, 520 रुपये झाले. पासाचे पैसे भरलेत ते वेगळेच.

तुमच्या कार्यालयात विचारलं तर सांगितलं, त्या खेपेला उत्पन्न नाही. कसं दिसेल? त्या गाडीतल्या बहुतेक जणी पासवाल्या, वाहकाच्या मशीनमधून तिकीट निघतच नाही. तिसऱ्या थांब्यापासून बायका उभ्याने जायच्या. तुमच्याच वाहकांना विचारा.

इथे आम्ही हौसेने आलो नाही. रस्तारुंदीत नाल्याकाठची घरं गेली म्हणून आलो. तिथून काम पायी वीस मिनिटांवर होतं. घर मिळालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण कामं काही आमच्या मागे इथे आली नाहीत.

भाड्याचंही बोलते. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. म्हणजे जत्रेला गावी जायचं तर निम्मे पैसे, आणि पोटासाठी रोज बारा किलोमीटर जायचं तर तुमच्या गाडीत पूर्ण. दिल्लीत 2019 साली शहराच्या बसमध्ये बायकांना तिकीट माफ झालं. कर्नाटकातही जून 2023 मध्ये 'शक्ती' योजना आली, तिच्यात शहर बस धरलेली आहे. सवलत देणं सरकारच्या हातात, हे मला कळतं, म्हणून ती तुमच्याकडे मागत नाही. वेळापत्रक मात्र तुमच्याच हातात आहे.

नवी गाडी नसेल तर हमरस्त्यावरून सहाला जाणारी गाडी आधी वसाहतीतून फिरवून न्या. दोन किलोमीटरचा फेरा पडेल. तेवढ्या पहाटे रस्ता मोकळा असतो.

उत्तर लेखी द्यावे, ही विनंती.

आपली,
एक पासधारक प्रवासी

सोबत : वसाहतीतल्या 43 जणींच्या सह्या. त्यात सात अंगठे आहेत, ते बाद धरू नयेत.