कपड्यांचा ट्रक पाठवू नकोस

नागपट्टिनम, तमिळनाडू,
५ मे २००५

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. गावात दीड ट्रक कपडे जमले, औशापर्यंतच्या लोकांनी हातभार लावला, पत्ता कळव म्हणजे गाडी रवाना करतो, असं तू लिहिलंस. वाचून भरून आलं. किल्लारीच्या भूकंपाला आता बारावं वर्ष चालू आहे, तरी आपल्या माणसांना दुसऱ्याच्या पडलेल्या घराची कळ लागते. पण हात जोडून सांगतो, तो ट्रक पाठवू नकोस.

त्सुनामीनंतर मी जानेवारीत इथे उतरलो तेव्हा रस्त्याच्या कडेला कपड्यांचे ढीगच्या ढीग पडले होते. देशभरातून ट्रक आले, कुणाला काय हवं ते विचारायला वेळ नव्हता, माल उतरवला आणि गाड्या परत गेल्या. कपडे दवात भिजले, चिखलात तुडवले गेले. इथल्या कोळ्यांनी त्यांना हात लावला नाही. रोज समुद्रावर जाऊन रोख कमावणारी ही माणसं, दुसऱ्याने वापरलेला सदरा अंगात घालायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती, आणि घरातली माणसं गेली म्हणून मानही गेला असं थोडंच असतं? ज्या सफाई कामगारांनी आधी प्रेतं उचलली, त्यांनाच मग ते ढीग उचलावे लागले. मला त्याचा फार त्रास झाला.

तू विचारलंस की एवढी माणसं कशी गेली. २६ डिसेंबरला रविवार होता. सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ समुद्राखाली भूकंप झाला, आणि लाटा इथे नऊच्या आसपास पोहोचल्या. मध्ये दोन-अडीच तास होते, पण सांगणारं कुणी नव्हतं. शाळेला सुट्टी, पोरं किनाऱ्यावर खेळत होती. होड्या परतायची वेळ, म्हणून बायका मासळी घ्यायला वाळूत उभ्या होत्या. वेलांकण्णीच्या चर्चला नाताळासाठी आलेले यात्रेकरू होते. एकट्या या जिल्ह्यात ६,०६५ माणसं गेली. अक्करैपेट्टै, कीचांकुप्पम या वस्त्यांत ट्रॉलर घरांवर येऊन आदळले. खोल समुद्रात असलेले पुरुष वाचले आणि घरी आले तर घर नव्हतं, असं कितीतरी जणांचं झालं.

३० डिसेंबरला दिल्लीहून पुन्हा लाट येणार असल्याचा इशारा आला. लाट काही आली नाही, पण सगळे पळाले. गावकरी, डॉक्टर, मदत घेऊन आलेले, सगळेच. छावण्यांतलं काम ठप्प झालं. विसकटलेल्या जागी एक चुकीची बातमी किती नुकसान करते ते इथले लोक अजून सांगतात.

मला वाटतं, त्यानंतर इथे जे घडलं ते आपण किल्लारीत करायला हवं होतं. १ जानेवारीला जिल्हाधिकारी कचेरीच्या आवारातच स्वयंसेवी संस्थांचं समन्वय केंद्र सुरू झालं. मच्छीमार संस्थांचा दक्षिण भारतीय महासंघ, ज्याला सगळे 'सिफ्स' म्हणतात, आणि इथली 'स्नेहा' ही संस्था यांनी पुढाकार घेतला. नव्याने आलेले जिल्हाधिकारी जे. राधाकृष्णन यांनी त्यांना जागा दिली. हे गृहस्थ त्याआधी तंजावरला होते, गेल्या जुलैत कुंभकोणमच्या शाळेला आग लागली तेव्हाही तेच होते. सरकारी माणूस आणि संस्थेचा माणूस एका टेबलाशी बसतात, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

काम साधं दिसतं. भिंतीवर गावांची यादी. कोणत्या गावात कोणती संस्था, काय वाटतेय, काय उरलंय. संध्याकाळी बैठक. एका संस्थेने आज स्टोव्ह वाटले तर दुसरीने उद्या तिथेच स्टोव्ह न्यायचे नाहीत. सडकेवरच्या गावाला तीन-तीनदा भांडी मिळाली आणि आत चार किलोमीटरवरच्या वाडीला एकदाही नाही, हे भिंतीवर दिसल्याशिवाय कुणाच्या लक्षातच येत नव्हतं. पुढे गावागावांत माहिती केंद्रं निघाली. कच्छच्या भूकंपानंतर तिथे 'सेतू' केंद्रं होती, त्याच धर्तीवर. सरकारचा जीआर गावात वाचून दाखवायचा आणि गावाची तक्रार कचेरीत आणायची. माझं सध्याचं काम तेच आहे. तमीळ अजून मोडकीतोडकीच येते. तंजावरहून एक मराठी बोलणारे काका मदतीला येतात. त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळात इकडे आलं. त्यांच्या मराठीची चाल वेगळी, पण ऐकलं की जिवाला बरं वाटतं.

परवा एका शेडपाशी एक बाई काकांचा हात धरून बसली. मासळी विकायची. तिने ॲल्युमिनियमचं मोठं भांडं दाखवलं, एका बाजूने चेपलेलं, कडेला वाळू अजून चिकटलेली. ते डोक्यावर घेऊन ती गावोगाव फिरायची. किनाऱ्यावर लिलावात मासळी घ्यायला रोज सकाळी हाती पैसे लागतात, ते लाटेत गेले. तिचं नाव कुठल्याच यादीत नाही. यादीत रकाने कसले? होडी होती का, इंजिन होतं का, जाळी होती का. तिच्याकडे यातलं काहीच नव्हतं, मग तिचं नुकसान काय लिहायचं? मी घरी येऊन रात्रभर त्या रकान्यांचाच विचार करत होतो.

होड्यांचं तर विचारू नकोस. देणगीदाराला होडी द्यायला आवडतं. रंगवता येते, नाव लिहिता येतं, फोटो छान येतो. ज्यांच्याकडे कट्टुमरम, म्हणजे ओंडके बांधून केलेला साधा तराफा, होतं त्यांनाही आता फायबरच्या होड्या मिळताहेत. जुने कोळी उघड म्हणतात, एवढ्या होड्यांना पुरेल इतकी मासळी आहे कुठे? मला त्यांचं म्हणणं पटतं.

आणि जे कोळी नाहीत त्यांचे हाल निराळे. इथे मच्छीमारांची गावपंचायत भक्कम असते. तिच्यामुळे शिस्त राहिली, जे आलं ते समान वाटलं गेलं, हे मान्य करायला हवं. पण पंचायतीच्या बाहेर जो आहे त्याचं काय? दलित वस्तीतले लोक होडीवर हमाली करत, शेतात राबत. शेतात खारं पाणी शिरलं, काम संपलं. वाटपाच्या रांगेत त्यांना कितीदा मागे सारलं गेलं. दक्षिणेकडे पुष्पवनम, विळुंतमावडीच्या बाजूला शेतकरी जिप्सम टाकताहेत, पावसाने मीठ धुऊन निघेल म्हणून वाट पाहताहेत. पीक येईपर्यंत मजुराने खायचं काय, हा प्रश्न बैठकीत आम्ही पुन्हा पुन्हा काढतो.

सध्या लोक डांबरी पत्र्यांच्या शेडमध्ये राहतात. मे महिन्यात दुपारी आत पाय ठेववत नाही, म्हाताऱ्या झाडाखाली बसून दिवस काढतात. पक्क्या घरांचा जीआर ३० मार्चला निघाला. भरतीच्या रेषेपासून दोनशे मीटरच्या आत ज्यांची घरं होती, त्यांना आत सरकलं तर दीड लाखाचं नवं घर फुकट. जागा सोडायची नसेल तर दुरुस्ती स्वतःच्या खर्चाने. कोळ्याला समुद्र डोळ्यांसमोर लागतो, रे. वारा, पाण्याचा रंग, सगळं तो दारातून बघतो. आपल्याकडे भूकंपानंतर बावन्न गावं उठवून नव्या जागी बसवली, आखीव रस्त्यांवर शेजार मोडला, गोठ्याला जागा उरली नाही. तेच इथे होऊ नये म्हणून माझा जीव तुटतो.

म्हणून तुझ्याकडे मागणं आहे. कपडे तिकडेच गरजूंना द्या. गाडीभाड्याचे पैसे आणि आणखी जे जमेल ते मासळीवाल्या बायकांच्या भांडवलासाठी पाठवा. गावातल्या बायकांच्या संघांमार्फत ते जाईल, हिशेब मी स्वतः ठेवीन. आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं: भूकंपानंतर घरबांधणीत गाव आणि सरकार यांच्यातला दुवा झालेल्या आपल्याकडच्या संवाद सहायक बायकांपैकी तीन-चार जणी इथे धाड. घर बांधताना कंत्राटदाराला जाब कसा विचारायचा, सिमेंट कसं मोजून घ्यायचं, नकाशावर सही करण्याआधी काय पाहायचं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? आपल्याकडच्या काहीजणी कच्छलाही गेल्या होत्या. भाषेची काळजी नको, काका आहेत, आणि बाई बाईशी बोलायला लागली की निम्मं काम तिथेच होतं.

नकाशे या महिन्यातच ठरताहेत, तेव्हा उशीर करू नकोस. सोलापूरहून चेन्नईची गाडी धरा, तिथून इकडे यायला बस मिळते. निघायच्या आधी तार नको, फोनच कर, संध्याकाळी बैठकीनंतर मी केंद्रातच असतो. त्यांना म्हणावं सुती पातळं आणा, उकाडा फार आहे. किल्लारीच्या वेळचे घरांचे नकाशे कुणाकडे राहिले असतील तर तेही बरोबर द्या.

आईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच