वरच्या मजल्यावरच्या काकूंना, ज्या समोर आभार मानू देत नाहीत

काकू,

तुम्हाला समोर थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही "बरं बरं, पुरे, कामाचं बोल" म्हणून विषय संपवता, म्हणून आता सगळ्यांदेखत लिहितोय. इथे तुम्हाला मधेच तोडता येणार नाही. रागवायचं तर नंतर रागवा.

११ मार्च २०२० ला डब्ल्यूएचओनं (जागतिक आरोग्य संघटनेनं) कोरोनाची महामारी जाहीर केली आणि त्यानंतर एकेक करत सगळं बंद होत गेलं ते दिवस आठवतात ना, ऑफिस घरात आलं, आणि ऑनलाइन बघावं तर जो तो काहीतरी नवीन शिकत होता. कुणी गिटार, कुणी जपानी भाषा, कुणी कोडिंग. मी पण दोनतीन कोर्स लावले होते, त्यातला एकही पुढे सरकला नाही, कारण खरं सांगायचं तर मला त्यातलं काहीच शिकायचं नव्हतं, नुसतं घरात बसून वेड लागायची पाळी आली होती म्हणून हातपाय हलवत होतो. त्यात मास्कचा गोंधळ. आधी सांगत होते की धडधाकट माणसाला मास्कची गरज नाही, मग एप्रिलच्या सुरुवातीला अमेरिकेच्या सीडीसीनं, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेनं, सांगितलं की बाहेर पडताना कापडी मास्क लावा आणि चांगले मेडिकल मास्क हॉस्पिटलवाल्यांसाठी राहू द्या. बऱ्याच ठिकाणी तसंच झालं. मग काय, एकदम सगळ्यांनाच मास्क हवे.

तेव्हा मी तुम्हाला फोन केला होता, की काकू तुम्ही इतकी वर्षं शिवणक्लास घेतलाय, तुम्ही मास्क शिवा, मी खाली सगळ्यांना वाटतो. माझ्या डोक्यात असं की वाटणारा मी, म्हणजे मदत केल्याचं समाधान मला आणि कष्ट तुम्हाला! तुम्ही सरळ नाही म्हणालात. "माझ्या गुडघ्यांना आता पायाची मशीन झेपत नाही. तुझ्याकडे आजीची मशीन आहे ना? तू शिव, मी सांगते." त्या मशीनवर तेव्हा माझा राउटर ठेवलेला होता.

मग सुरू झाला आपला व्हिडिओ कॉलवरचा क्लास. तुम्हाला माझं तोंड बघायचंच नसायचं, "फोन खाली कर, पाय दाखव" हे पहिलं वाक्य. मला वाटलं होतं कापड घेऊन बसायचं, पण तुम्ही आधी मशीनला तेल घालायला लावलंत, मग सुईत दोरा न ओवता रेघांच्या वहीचा कागद घालून रेघेवरून मशीन चालवायला लावली. रेघेवरनं भोकं सरळ जाईपर्यंत दोरा नाही. पायाची मशीन सुरुवातीला उलटी फिरते, चाकाला हातानं आपल्याकडे ढकलून मग पाय लावायचा, हे जमायलाच मला किती वेळ लागला! तुम्ही तिकडून शांत. एकदाही "सोपं तर आहे" म्हणाला नाहीत, आणि हे मी मुद्दाम लिहितोय, कारण शिकवणाऱ्या माणसाच्या तोंडून हे वाक्य आलं की शिकणारा तिथेच खचतो आणि बहुतेक शिकवणारे ते म्हणतातच.

आणि तुमचं ते आवाजावरून ओळखणं. नेटवर्क खराब असायचं, चित्र अडकायचं, तुम्ही म्हणायचात चित्र राहू दे, आवाज ऐकव. नुसत्या खडखडाटावरून सांगायचात की सुई बोथट झालीय, बदल. एकदा कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा हा एवढा गुंता व्हायला लागला, मी बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची रिळी, काढतोय, साफ करतोय, परत घालतोय, काही फरक नाही. तुम्ही म्हणालात, "खाली गुंता दिसला की वर बघायचं. वरचा दोरा नीट ओवलेला नाही, नाहीतर त्याचं टेन्शन ढिलं आहे." तसंच निघालं. हे वाक्य मी आता ऑफिसात पण वापरतो, अर्थात कुणाविषयी ते सांगत नाही.

पण काकू, शिवण शिकवलंत याच्यासाठी आभार मानायचे असते तर एक मेसेज पुरला असता. मला लिहायचंय ते वेगळंच आहे. मी पहिले काही मास्क शिवले, मला ते भारी वाटले, फोटो काढले, आणि तुम्ही विचारलंत, "हा कोण घालणार?" मी म्हणालो कुणीपण, वाटायचेत ना. तर तुम्ही म्हणालात, "कुणीपण असं कुणी नसतं. नाव सांग." आणि त्यावरून सगळंच बदललं.

खालचे सिक्युरिटीवाले काका घालणार. बारा तासांची ड्यूटी, कानाला लावायच्या मास्कनं कानामागे सोलून निघतं. मग मागून डोक्याला बांधायच्या नाड्या. इलास्टिक तेव्हा कुठे मिळतच नव्हतं, नुसतं आपल्याकडे नाही, जगभर त्याची टंचाई झाली होती, तर तुम्ही जुने टीशर्ट काढायला लावलेत, आडव्या पट्ट्या कापायच्या आणि दोन्ही टोकांना धरून ताणायचं की पट्टी आपोआप गोल वळते आणि मऊ नाडी तयार. मला हा प्रकार जादूसारखा वाटला होता, अजूनही वाटतो.

दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा घालणार, त्यांच्या कानामागे ऐकण्याचं मशीन. कानावरनं मास्क काढला की मशीन सोबत बाहेर येतं, म्हणून त्यांना पण नाडीचा. ज्यांना चष्मा त्यांच्या काचेवर वाफ धरते, म्हणून नाकावर बारीक तार, आणि तारेची टोकं वळवून आत घ्यायची म्हणजे कापड फाडून टोचणार नाहीत. आणि त्या शाळेतल्या ताई, ज्या ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवतात, त्यांची मुलं ओठ वाचतात, मास्क लावला की त्यांच्यासाठी बोलणंच बंद. त्यांच्यासाठी पारदर्शक खिडकीचा मास्क करायचा तुम्हीच सुचवलंत, मला तर असं काही असतं हेच माहीत नव्हतं, नंतर बघितलं तर अमेरिकेत एक कॉलेजची मुलगी मार्चपासूनच असे मास्क शिवून देत होती. प्लास्टिक शिवणं हा एक वैताग, टाका जवळ पडला की प्लास्टिक तिथूनच फाटतं, टाका लांब ठेवायचा आणि पहिल्यांदाच नीट शिवायचं कारण उसवलं तरी सुईची भोकं राहतात. आणि आतून वाफ धरते, त्याला भांड्याच्या साबणाचा एक थेंब चोळून पुसून घ्यायचा.

भोकांवरून आठवलं. मधोमध शिवण असलेला मास्क दिसायला छान, पण ती शिवण बरोबर नाकातोंडासमोर येते आणि सुईनं पाडलेली भोकं पण तिथेच, म्हणून तुम्ही मला तो शिवूच दिला नाहीत, चुण्यांचाच. चुण्यांची तोंडं बाहेरच्या बाजूनं खाली, म्हणजे त्यात धूळ साचत नाही. टाचण्या लावायच्या त्या पण काठालाच. कापड आधी गरम पाण्यात धुऊन वाळवून मगच बेतायचं, कारण घालणारा माणूस तो मास्क रोज गरम पाण्यात धुणार, तेव्हा आटला तर हनुवटी उघडी पडणार. मी म्हणालो धुतंय कोण एवढं, तुम्ही काही बोलला नाहीत, नुसतं बघितलंत. धुतलं कापड.

५ जून २०२० ला डब्ल्यूएचओनं कापडी मास्कची नवीन माहिती दिली, तीन थर, आतला सुती म्हणजे ओल शोषून घेणारा, बाहेरचा पॉलिस्टरसारखा पाणी न धरणारा, आणि मधे पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकचं नॉनवोव्हन, म्हणजे न विणलेलं कापड. मी तुम्हाला ते सगळं वाचून दाखवलं. तुमचा पहिला प्रश्न, "आधी शिवलेल्यांचं काय?" मला वाटलं होतं की ते गेले ते गेले. तर तुम्ही वहीत लिहून ठेवलं होतं कुणाला कुठला दिला, आणि एकेकाला फोन करून सांगितलंत की नवीन तीन थरांचा येतोय, तोपर्यंत हा चालव पण गर्दीत जाऊ नको. मधल्या थरासाठी आपण घरातल्या नॉनवोव्हन पिशव्या कापल्या. त्याला इस्त्री लागली की ते आक्रसून वितळतं हे तुम्ही आधीच सांगितलं होतं आणि मी आधीच ऐकलं होतं, म्हणून माझी इस्त्री वाचली, पलीकडच्या बिल्डिंगमधल्या दादाची नाही वाचली.

त्या फोनांचं मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटायचं. दिल्यावर चार दिवसांनी तुम्ही फोन करायचात, आणि "आवडला का" असं नाही विचारायचात. "कुठे टोचतो? बोलताना नाकावरून खाली येतो का? धुतल्यावर कसा झाला?" असं विचारायचात. लोक फुकट दिलेल्या वस्तूला नावं ठेवत नाहीत ना, म्हणून तुम्ही प्रश्नच असा विचारायचात की नाव ठेवल्याशिवाय सुटका नाही. मी इतकी वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, युजरचा फीडबॅक घ्यायच्या मीटिंगा केल्यात, पण हे असं कुणाला विचारताना बघितलं नव्हतं.

आणि हॉस्पिटलचा किस्सा. माझा हट्ट होता की ढीगभर मास्क हॉस्पिटलात द्यायचे, सगळे देतायत, फोटो येतायत. तुम्हाला शंका होती. मग मी शोधलं तर २०१५ चा एक अभ्यास सापडला, व्हिएतनामच्या हॉस्पिटलांमधल्या कर्मचाऱ्यांवर केलेला, त्यात कापडी मास्कवाल्यांना मेडिकल मास्कवाल्यांपेक्षा जास्त इन्फेक्शन झालं होतं. म्हणजे रस्त्यावर जे चालेल ते वॉर्डात चालत नाही. मी वाचून दाखवलं आणि मला वाटलं आता विषय बंद. तुम्ही म्हणालात, "मग त्यांना विचार ना काय पाहिजे." एवढी साधी गोष्ट! एका नर्सताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या पिशव्या. नाडीच्या कापडी पिशव्या, ड्यूटी संपली की अंगावरचे कपडे त्यात टाकायचे, नाडी ओढायची, आणि घरी गेल्यावर पिशवी तशीच तोंड मोकळं करून वॉशिंग मशीनमध्ये टाकायची, म्हणजे कपड्यांना परत हात लावायला नको. पिशवीचा फोटो काय कुणी टाकत नाही. पण त्या उन्हाळ्यात आपण मास्कपेक्षा पिशव्याच जास्त शिवल्या असतील. सेफ्टी पिनला नाडी अडकवून ओवायची, हे काम मी मीटिंगमध्ये म्यूटवर बसून करायचो.

तुम्ही पण शिकलात हां, ते लिहिलं नाही तर तुम्ही म्हणाल सगळं मीच शिकलो. पहिल्या कॉलमध्ये मला तुमचा फक्त सिलिंग फॅन दिसत होता. मग फोन डब्याला टेकवून उभा करायला शिकलात, मग ग्रुप कॉल, आणि मग तर तुमच्या जुन्या क्लासच्या बायकांना तुम्ही स्वतःच जोडून घेतलंत, त्या आपापल्या घरून शिवायला लागल्या आणि मला तुम्ही कापड पोचवायच्या कामाला लावलंत. कापलेल्या तुकड्यांची पिशवी जिन्यात ठेवायची, बेल मारायची, पळायचं. एका काकूंना म्यूट कसं काढायचं हे तुम्ही समजावताना ऐकलंय मी, डिट्टो तोच आवाज, घाई नाही, "सोपं तर आहे" नाही.

त्यावेळी तुम्हाला एकटं वाटत होतं का, हे मी कधी विचारलं नाही. सत्तरीच्या पुढच्यांनी दाराबाहेर पडायचं नाही अशी परिस्थिती, मुलगी दुसऱ्या देशात, विमानं बंद. रोज संध्याकाळी पाचला तुमचा कॉल यायचा, शिवण असो नसो. मला वाटायचं तुम्ही मला शिकवायला करताय. आता वाटतं थोडं माझ्याकडे लक्ष ठेवायला पण करत असाल, कारण मी पण एकटाच होतो आणि माझा आवाज कधी कधी ठीक नसायचा, आणि आवाजावरून तुम्हाला काय काय कळतं ते वर लिहिलंच आहे. तुम्ही कधी "बरा आहेस ना" विचारलं नाहीत. "आज काय शिवलंस" विचारायचात. मला तेव्हा दुसरा प्रश्न झेपला पण नसता.

तर थँक्यू काकू. शिकवल्याबद्दल, उसवायला लावल्याबद्दल, आणि "हा कोण घालणार" बद्दल.

ता.क. मशीनवर आता राउटर नाही. परवा शेजारच्या पोराच्या दप्तराची चेन गेली, तो माझ्याकडे घेऊन आलाय आणि मी "देतो ना लावून" असं म्हणून बसलोय. चेन लावायची तुम्ही "नंतर शिकवते" म्हणाला होतात ती राहिलीच. दप्तराचं कापड जाड आहे, त्याला कितवी सुई? रविवारी सकाळी वर येतो दप्तर घेऊन, त्याची शाळा सोमवारी आहे.