बिबट्यांचे पिंजरे मोजले जातात, परिणामही मोजावेत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांत बिबट्याने माणसावर हल्ला केला की पुढच्या आठवड्याभरात वाढीव पिंजरे, कॅमेरे, गस्तीपथके आणि मंजूर निधी यांचे आकडे जाहीर होतात आणि आपल्या दैनिकासह सगळीकडे छापूनही येतात. मागच्या खेपेला केलेल्या उपायांनी हल्ले खरोखर किती घटले, हा आकडा मात्र त्यांत सहसा नसतो. उसाच्या पट्ट्यात राहणारा वाचक म्हणून मला हीच त्रुटी सर्वांत गंभीर वाटते, कारण चुकीचा उपाय नुसता वाया जात नाही, तर कधीकधी अंगावर उलटतो.

याचा दाखला याच भागात आहे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात शंभरावर बिबटे पकडण्यात आले आणि त्यांतले बरेचसे काही अंतरावरच्या जंगलांत सोडण्यात आले. उपाय सर्वांनाच पटण्यासारखा होता. जनावर जंगलातले आहे, ते जंगलात नेऊन सोडावे, यात कोणाला काय गैर वाटणार? वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे या काळातील नोंदी तपासल्या, तेव्हा आधी वर्षाला सरासरी ४ असलेले माणसांवरील हल्ले या मोहिमेच्या काळात १७ वर गेल्याचे आणि त्यांतील जीवघेण्या हल्ल्यांचे प्रमाणही वाढल्याचे दिसून आले. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीतून काढलेल्या एका नर बिबट्याला रेडिओ पट्टा बसवून माळशेज घाटाच्या परिसरात सोडले, तर तो महिन्याभरात सुमारे १२० किलोमीटर चालून थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे पोहोचला. सोडलेले जनावर सोडल्या जागी राहते, हे गृहीतक किती तकलादू होते, ते त्या एका पट्ट्याने दाखवून दिले.

‘पिंजरा लावला आणि हल्ले थांबले’ हे वाक्य आपण पंचनाम्यापासून ग्रामसभेपर्यंत सगळीकडे ऐकतो. पण पिंजरा लागतो तो हल्ला झाल्यानंतर, म्हणजे लोक सावध झालेले असतात, मुले अंधार पडायच्या आत घरात असतात आणि एरवीही लागोपाठ दुसरा हल्ला होण्याची शक्यता कमीच असते अशा वेळी. अशा स्थितीत नुसती गस्त ठेवली असती, तरीही हल्ले थांबलेले दिसले असते. पिंजरा लावलेली आणि न लावलेली, ऊस, वस्ती व पशुधन यांबाबत सारखी असलेली गावे शेजारी ठेवून दोन-तीन वर्षांच्या नोंदी पाहिल्याखेरीज पिंजऱ्याचे श्रेय पिंजऱ्याला देता येणार नाही. नरभक्षक ठरलेला बिबट्या पकडूच नये, असा याचा अर्थ नाही. प्रश्न सरसकट पकडण्याचा आहे.

याउलट, ज्याचा निकाल तिथल्या तिथे कळतो असा एक उपाय याच वनविभागात वर्षानुवर्षे चालू आहे, आणि त्याची चर्चा फारच थोडी होते. ऊसतोड चालू असताना फडात बछडे सापडतात. पूर्वी ती उचलून नेली जात. आता पशुवैद्यक त्यांची तपासणी करतात, गोचिडे काढतात, मायक्रोचिप बसवतात आणि संध्याकाळी टोमॅटोच्या क्रेटसारख्या प्लास्टिकच्या खोक्यात घालून त्यांना सापडल्या जागीच परत ठेवतात. बाजूला कॅमेरा लावलेला असतो. रात्री मादी येते, खोके कलंडवते आणि एकेका पिल्लाला मानेला धरून घेऊन जाते. ती आली की नाही, हे सकाळी चित्रफितीत दिसते. पिल्लू पुढे कधी विहिरीत किंवा पिंजऱ्यात सापडले, तर चिपवरून ओळखूही येते.

गोठ्यांसारख्या उपायांचेही असेच मोजमाप करता येईल. अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या भक्ष्यात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा आढळला आणि त्यांत एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. तेव्हा जाळीचे बंदिस्त गोठे, मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त, उघड्या विहिरींना कठडे आणि शेतीपंपांना दिवसा वीज, या दुर्लक्षित मागण्यांना आधार नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. रात्रीच्या पाळीची वीज आली की शेतकरी बॅटरी घेऊन उसात दारे धरायला जातो, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. मात्र दिवसा वीज दिलेल्या फीडरवरील गावांत हल्ले घटले का, हे मोजलेच पाहिजे. येथे एक सावधगिरी हवी. नुकसानभरपाईची प्रकरणे हे मोजमाप धरू नये, कारण रक्कम वाढली किंवा अर्ज सोपा झाला की बिबट्याची वागणूक तीच राहूनही प्रकरणे वाढतात.

असे मोजणे अशक्य आहे, हे म्हणणे पटत नाही. नागपूर–सिवनी महामार्गावर पेंचच्या जंगलात वन्यप्राण्यांसाठी भुयारी मार्ग आणि पूल अशा ९ रचना बांधल्या, तेव्हा भारतीय वन्यजीव संस्थेने तेथे कॅमेरे लावून २०१९ मध्ये १८ प्रजातींची ये-जा टिपली. प्राणी पुलाखालून जातात एवढ्याने त्यांची संख्या टिकली असे सिद्ध होत नाही, हे खरेच. तरीही मोजमापाची सुरुवात तिथे झाली.

आता मादी बिबट्यांच्या नसबंदीचा मोजक्या प्राण्यांवरील प्रयोग चर्चेत आहे. नसबंदी झालेल्या मादीलाही भूक लागतेच, त्यामुळे हल्ल्यांवर तिचा परिणाम लगेच दिसण्याचे कारण नाही आणि मोजक्या प्राण्यांवरून एकूण संख्येविषयी काही ठरवताही येणार नाही. या माद्या आपापला टापू टिकवून राहतात का, एवढे मात्र रेडिओ पट्ट्यांवरून कळू शकते. म्हणून वनविभागाने प्रयोग सुरू होण्याआधीच कोणत्या नोंदी ठेवणार, तुलनेसाठी कोणती गावे निवडली आणि काय आढळले तर तो थांबवणार, हे जाहीर करावे, आणि आपल्या दैनिकाने ती माहिती मागून घेऊन पिंजऱ्यांच्या आकड्यांइतक्याच ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, नारायणगाव (ता. जुन्नर)