संगणक शाळेचे झाले, शिकवणारी कोणाची? शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शालेय शिक्षणमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सविनय नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद प्रशालेत गणित शिकवते. गेल्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप पडला: संगणक कक्षात विद्यार्थी काम करत असल्याचे जिओ-टॅग (ठिकाणाची नोंद असलेले) फोटो आज पाचच्या आत पाठवा. आमच्या कक्षाला कुलूप आहे. बिल थकलं म्हणून वीज तोडली आहे आणि संगणक शिकवणारी ताई करार संपल्यापासून घरी बसली आहे. हे वर कळवलं तर उत्तर आलं, "मॅडम, सीएसआरमधून बघा, नाहीतर लोकवर्गणी काढा. फोटो मात्र आजच लागतील."

लोकवर्गणी कोणाकडून काढू, साहेब? सप्टेंबर २०२५ च्या पुरात इथल्या कित्येक शेतांतली माती पिकासकट खरवडून गेली. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता आणि अडतीवर हातात पडत होते त्याहून कितीतरी कमी. अशा बापाच्या दारात मी यूपीएसच्या बॅटरीसाठी पावतीपुस्तक घेऊन उभी राहायची का? सीएसआरचं म्हणाल, तर मोठ्या कंपन्यांनी नफ्यातले २ टक्के समाजकामाला द्यायचा कायदा २०१४ पासून लागू आहे. कंपन्या टॅब देतात, फलक लावतात, फोटो काढतात. वर्षभर शिकवणाऱ्या माणसाचा पगार द्याल का, एवढं विचारलं की बोलणं तिथेच संपतं. आमदार निधीतूनही वस्तू येते, पगार येत नाही.

पैसा नाही, हे मी ऐकून घेणार नाही. 'समग्र शिक्षा' या केंद्राच्या योजनेत एका आयसीटी लॅबला, म्हणजे संगणक कक्षाला, उभारणीसाठी ६ लाख ४० हजारांपर्यंत आणि चालवायला वर्षाला २ लाख ४० हजारांपर्यंत, अशी पाच वर्षांची तरतूद आहे. बेरीज १८ लाख ४० हजार. ६० टक्के केंद्राचे, ४० तुमचे. सहाव्या वर्षी काय? आमचा कक्ष त्याआधीचा, कंपनीच्या करारातला. पाच वर्षं कंपनीने चालवायचा, मग संगणक शाळेच्या नावावर. तसे ते झाले, तोवर निम्मे बंद पडले होते. ताई मात्र कोणाच्याच नावावर झाली नाही. उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्याने स्टेजवरून सांगितलं होतं की करारावर शिकवणाऱ्या या मुलामुलींना आम्ही नोकरीत कायम करू. सगळ्यात जोरात टाळ्या तिनेच वाजवल्या होत्या.

तेव्हापासून कक्षाची किल्ली माझ्याकडे आहे. उंदरांनी वायरी कुरतडल्या. मॉनिटरवर माझ्या जुन्या साड्या फाडून टाकल्या आहेत. शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान पटानुसार ५० हजार. त्यातच खडू, दुरुस्ती, स्वच्छता आणि वीजबिल. बॅटरी मी माझ्या पगारातून बदलली, तिचे पैसे मला आजवर मिळालेले नाहीत. नववी-दहावीचं गणित, बीएलओ म्हणून मतदार यादीचं काम, यू-डायसवर शाळेच्या माहितीच्या नोंदी, आधारची जुळणी हे सगळं करून रात्री मी स्वतः शिकते, कारण मला कोणी शिकवलेलंच नाही. एमएस-सीआयटी स्वतःच्या पैशाने केली. पण वर्ड-एक्सेल येणं वेगळं आणि लूप, म्हणजे संगणकाला तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारी सूचना, काय असतो हे मुलांना समजावणं वेगळं. प्रशिक्षण म्हणून लिंक येते, व्हिडिओ संपला की प्रमाणपत्र येतं. कोणाला काय आलं हे कोणी विचारत नाही.

तरी शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर माझ्या लॅपटॉपवर स्क्रॅच लावते. त्यात मुलं सूचना जोडून पडद्यावरच्या मांजराला चालवतात. आठवीतल्या एका मुलीला मांजराकडून त्रिकोण काढून घ्यायचा होता. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, म्हणून तिने वळण ६० दिलं. मांजर भलतीकडेच गेलं. वहीत आकृती काढून ती बराच वेळ बघत बसली, मग एकदम ओरडली, "बाई, आतला नाही, बाहेरचा कोन!" १२० टाकले आणि त्रिकोण बंद झाला. बाह्यकोन मी तिला फळ्यावर शिकवला होता. तो तिला कळला त्या दिवशी. हे दर आठवड्याला प्रत्येक शाळेत घडू शकतं, फक्त तिथे शिकलेलं माणूस हवं.

आता ऐकते, २०२६-२७ पासून तिसरीपासून कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवायची. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात शाळांत ५० हजार अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी यंत्रं हाताळून शिकायच्या प्रयोगशाळा, जाहीर झाल्या. १९८४ च्या 'क्लास' या संगणक शिक्षणाच्या प्रकल्पात शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले होते, तेव्हापासून आपण यंत्रंच विकत घेतो आहोत. यंत्राचं टेंडर निघतं, उद्घाटन होतं. शिक्षक घडवण्यात फीत कापायला काही नसतं. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के मागितले, २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तोच आकडा पुन्हा लिहिला. २०२५ मध्ये पवनार ते पत्रादेवी या ८०२ किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गासाठी ८६ हजार कोटी बोलताना कोणाची जीभ अडखळली नाही. त्याला लोकवर्गणी काढा, असं कोणी म्हणालं का? गरिबाच्या शाळेलाच दरवेळी झोळी घ्यायला का सांगता?

मला हवंय ते एवढंच: शाळांची वीजबिलं शासनाने थेट भरावीत. संचमान्यतेत, म्हणजे शाळेला मंजूर होणाऱ्या पदांत, संगणक शिक्षकाचं पद यावं आणि करारावर राबलेल्यांचा त्यात आधी विचार व्हावा. आम्हा शिक्षकांना डाएटमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेत, समोर यंत्र ठेवून, हाताने करायला लावून शिकवावं, आणि नंतर वर्षभर विचारायला कोणीतरी असावं. लॅबच्या दर रुपयातला ठरावीक हिस्सा यासाठीच राखून ठेवा.

फोटो मी पाठवलेला नाही, पाठवणारही नाही. कारवाई करायची तर करा. आणि या पत्राचं उत्तर ग्रुपवरच्या निरोपात नको. शासन निर्णयात द्या, पैसा कुठल्या खात्यातून येणार त्या लेखाशीर्षासह.

आपली,
जिल्हा परिषद प्रशालेतील एक गणित शिक्षिका