आई-बाबा, आधी पूर्ण वाचा, मग फोन करा

ती. बाबा आणि आई, साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला घेतलं की आई तू लगेच "आवाज असा का येतोय" विचारतेस आणि बाबा फोन तुझ्याकडे देऊन बाहेर जातात, म्हणून लिहिते आहे. मी ऑफिस सोडलं. ३१ तारखेला शेवटचा दिवस होता. भांडण झालेलं नाही, कोणी काढलेलं नाही, तब्येत ठीक आहे, मंदारला पहिल्यापासून माहीत आहे. घरून काम मिळालंय, रोजचे चार-पाच तास, आणि ते दोन महिने रात्री करून, पैसे खात्यात आलेले बघून मगच राजीनामा दिला. उगाच उठून काही केलेलं नाही.

तुम्हाला न विचारता केलं ह्याचं वाईट वाटतंय. पण विचारलं असतं तर बाबा तुम्ही म्हणाला असतात, तेरा वर्षांची नोकरी अशी सोडतात का, आणि मी परत थांबले असते. रोज सव्वासातला वर्तकनगरहून रिक्षा, ठाणे स्टेशन, घाटकोपरला उतरून मेट्रो, मग अंधेरीला परत रिक्षा, एका बाजूचे पावणेदोन तास. ते मी अजूनही केलं असतं. पण २०२१ च्या जुलैच्या पुरात तुम्ही दोघं माडीवर बसून होतात, फोन लागत नव्हता, आणि पाणी ओसरल्यावर गाळ काढायला मी पोचले ती आठव्या दिवशी, कारण रजा मंजूर होईना. आणि आता फेब्रुवारीत बाबांची अँजिओप्लास्टी, चौथ्या दिवशी मी परत निघाले. आई तू काही बोलली नाहीस, फक्त डबा बांधून दिलास. पेण आलं तरी तो मला उघडवला नाही.

बाबांचा पहिला प्रश्न मला माहीत आहे, तुला कॉम्प्युटरमधलं काय येतं. कोडिंग नाही, डिझाइन नाही, एक्सेलमध्ये बेरजा आणि मेल लिहिणं एवढंच. घरून करायचं काम म्हणजे इंजिनिअर लोकांचं असं मलाही वाटायचं. शोधायला लागल्यावर कळलं की मराठी नीट ऐकून नीट लिहिणारी माणसं लागतात. रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायचं, कॉम्प्युटरने लिहिलेलं मराठी तपासायचं, व्हिडिओखालच्या ओळी लिहायच्या, ग्राहकांच्या मेलना उत्तरं द्यायची. मी रेकॉर्डिंगचं काम घेतलं. त्यांनी आधी दहा मिनिटांची टेस्ट दिली, त्याचे पैसे मागितले नाहीत, हे महत्त्वाचं. त्याआधी एका ठिकाणी रजिस्ट्रेशनचे १,२०० रुपये भरून बसले होते, मग त्यांनी सांगितलं तुमच्या चुका जास्त झाल्या, दंड भरा नाहीतर वकिलाची नोटीस येईल. मी घाबरले होते खरंच. मंदारने त्याच दिवशी १९३० वर, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, तक्रार करायला लावली. जे काम द्यायच्या आधी पैसे मागतात ते काम नसतंच, हे आता मी कोणालाही सांगते.

आणि बाबा, टायपिंग! तुम्ही बारावीच्या सुट्टीत बळजबरीने क्लास लावलात, मराठी ३० ची, मिनिटाला तीस शब्दांची, परीक्षा द्यायला लावलीत, मी किती रडले होते. तोच टाइपरायटरवरचा रेमिंग्टनच्या पद्धतीचा कीबोर्ड कॉम्प्युटरवर युनिकोडमध्ये मिळतो, त्यामुळे बोटं आपोआप जागेवर गेली. ऱ्हस्व-दीर्घ तर तुम्ही पाटीवर शंभर वेळा लिहून घेतलेलं. फक्त इथे एक उलटा नियम आहे, बोलणारा जसं बोलला तसंच लिहायचं. तो "पायजे" म्हणाला तर "पायजे", सुधारायचं नाही. पहिले दिवस हात थांबायचा, तुमची लाल शाई दिसायची. परवा एका आजींच्या रेकॉर्डिंगमध्ये "खंय गेल्लंस" आलं, म्हणजे "कुठे गेला होतास", आणि आधी ते टाइप करणाऱ्या नाशिकच्या मुलीने "काय केलंस" लिहिलं होतं. मला कुडाळच्या काकीमुळे लगेच कळलं. त्यानंतर मालवणीतली सगळी रेकॉर्डिंग माझ्याकडेच येतात.

सोपं आहे असं नाही. एक तासाच्या रेकॉर्डिंगला मला अजून पाच तास लागतात, मागे मिक्सर, ट्रक, कोंबडे, काय काय असतं. पैसे पगाराच्या निम्म्याहून थोडे कमी येतात, त्यातून टीडीएस कापतात, तो रिटर्न भरताना हिशोबात धरला जातो. पण पास, रिक्षा, पाळणाघर, बाहेरचं खाणं गेलं. पीएफला हात लावलेला नाही. ओवी शाळेतून येते तेव्हा मी घरात असते, गरम पोळी देते. मीही बसून जेवते, उभ्याने नाही. लाइट गेली तर लॅपटॉप तीन तास चालतो. पाठीला आधार असलेली खुर्ची घेतली आहे, आई काळजी करू नकोस.

एक गोष्ट मात्र ऐका. ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये तुम्ही दोघं होतात, तो बंद झाला. आईचा वेगळा काढलाय, हप्ता भरून झालाय, पैसे विचारायचे नाहीत. बीपी आधीपासूनचं असल्यामुळे त्यासाठी काही वर्षं थांबावं लागेल, म्हणून गोळी चुकवायची नाही, उपास असला तरी नाही. बाबांना ७० पूर्ण झालीत, त्यामुळे सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यावर होतात, उत्पन्न किती ते बघत नाहीत. बाबा, "फुकटचं नको" म्हणू नका. आधार आणि मोबाइल घेऊन सोमवारी कार्ड काढायच्या सेंटरवर जा, आणि कुठली हॉस्पिटलं यादीत आहेत ते लिहून आणा. ओटीपी तिथेच द्यायचा, फोनवर कोणी पोलीस, कोर्ट काही बोललं तर फोन ठेवायचा आणि मला लावायचा.

लहानपणी ताप आला की आई तू रात्रभर कपाळावर पट्टी ठेवायचीस आणि सकाळी तशीच शाळेच्या डब्यांना लागायचीस, मला वाटायचं तुला झोप लागतच नसेल. आता तुझा गुडघा दाखवायला मी येणार आहे, "मला ने" म्हणायची वेळ तुझ्यावर येऊ देणार नाही. ओवीची परीक्षा संपली की जनशताब्दीने येतो, पंधरा दिवस राहणार, परत निघायची घाई नाही, काम लॅपटॉपवरच आहे. माडीवरच्या खोलीतल्या तांदळाच्या गोणी एका बाजूला करून ठेवा, पण बाबांनी उचलायच्या नाहीत, शेजारच्या मुलाला सांगा. खिडकीजवळ नानांचं टेबल लावा, तिथे रेंज येते. आणि कुळथाची पिठी आणून ठेव.

तुमची,
बेबी